शेडात चालत नाही, परड्यात चालतं

तीर्थरूप रामगोंडा मामांस,

भरतेशचा जय जिनेंद्र. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची शुगर कशी आहे? फोनच केला असता, पण तो मामी उचलतात आणि माझं कॉलेज का सुटलं याच्या पुढं बोलणं जात नाही. म्हणून लिहितोय.

शुक्रवारी सकाळी हद्द मोजायला आलेल्या तलाठी भाऊसाहेबांना बाभळीखाली गावठाणाच्या हद्दीचा दगड सापडला, त्या क्षणी माझं वाटोळं झालं. दगडाच्या अलीकडं आमचं म्हशींचं शेड आणि माझी खव्याची भट्टी, पलीकडं शेजारच्या जिनगोंडा आण्णांचं घर आणि घरामागचं परडं. म्हणजे आम्ही शेती झोनात आणि ते गावठाणात. भाऊसाहेबांचं म्हणणं असं, की शेतात म्हैस बांधा, धार काढा, कच्चं दूध डेअरीला घाला, कोण विचारत नाही. पण तेच दूध आटवून खवा केला की ती प्रक्रिया झाली, आणि रस्त्याला फळी टाकून विकला की दुकान झालं. त्याला जमीन बिनशेती लागते. (म्हैस पोटात गवताचं दूध करते ती प्रक्रिया नाही का, असं मी विचारलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.)

आता खरा घोटाळा. पंचनाम्याला पाच प्रतिष्ठित माणसं आण म्हणाले होते, म्हणून मी पाचही टोपीवाले म्हातारे गोळा केले, आणि आपला माल कसा असतो ते कळावं म्हणून पेढ्यांचा पुडा घेतला. मापं घ्यायला सगळे आण्णांच्या अंगणात शिरले. मामा, पाच टोप्या आणि पेढ्यांचा पुडा घेऊन लग्नाच्या मुलीच्या दारात जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. मला सतरंजी अंथरलेली बघून कळलं. आतून पोहे आले (बिनकांद्याचे, आण्णांचं व्रत असतं) आणि पोह्यांमागं आण्णांची ब्राह्मी आली. ब्राह्मी म्हणजे जिच्याबद्दल मी दिवाळीत फक्त तुम्हाला सांगितलं होतं ती. (मामींना कसं कळलं ते असू दे.) डोक्यावर पदर, नजर खाली. मी तर उठायचंच विसरलो.

आण्णा मला मी रांगत होतो तेव्हापासून बघतात, तरी रीत म्हणून घसा खाकरून त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. भाऊसाहेबांना वाटलं पंचनामा सुरू झाला. त्यांनी उभं राहून वाचलं: सदर इसम शेतजमिनीत विनापरवाना दुग्धप्रक्रिया व विक्री करतो. एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात पेढा तोंडात टाकला होता, तो तसाच धरून बसला.

आण्णांचा चेहरा काळाठिक्कर. तेव्हा ब्राह्मी बोलली. सगळ्यांसमोर, ताट हातात धरून.

"आवं भाऊसाहेब, शेडात न्हाई चालत, मग आमच्या परड्यात भट्टी लावली तर चालंल का?"

भाऊसाहेबांनी नकाशा उलटासुलटा केला आणि म्हणाले, गावठाण आहे, पंचायतीचा दाखला घेतला तर चालंल. मामा, कुठल्याही शहाण्या माणसाला तिनं काय सांगितलं ते तिथंच कळलं असतं. पण माझं डोकं आधीच तापलं होतं.

"मी कुणाच्या परड्यात घरजावई होऊन खवा आटवणार न्हाई."

घरजावई हा शब्द तोपर्यंत कुणी काढलाही नव्हता. ब्राह्मीनं सगळी ताटं उचलली (भाऊसाहेबांचं अर्धं खाल्लेलंसुद्धा) आणि आत गेली. तेव्हापासून मी शेडात येरझाऱ्या घालतोय, म्हशीसुद्धा आता माझ्याकडं बघायच्या बंद झाल्यात. ठरवलंय, म्हशी विकायच्या, पुण्याला जायचं, मिळेल ती गाडी चालवायची. लग्न हा विषय संपला. मला समजवायला येऊ नका.

तुमचा,
भरतेश

ता. क. – रविवारी या. टोपी घालून या, पेढे मी देतो. आण्णांकडं परडं भाड्यानं मागा, आणि ब्राह्मीचा विषय निघालाच तर निघू द्या. नाही निघाला तर तुम्ही काढा. मी तापट आहे हे त्यांना माहीत आहे, तेवढं सांगण्यात वेळ घालवू नका.

ता. क. २ – आत्ता आई सांगत आली. ब्राह्मीनं आज सकाळपासून परड्यातला शेणकुटांचा ढीग एकटीनं हलवला, जागा सारवून घेतली, आणि आण्णा बांधावर उभे राहून सांगतायत, भट्टीचं तोंड कुठल्या अंगाला ठेवायचं ते त्या तापट पोराला विचारा. रविवारपर्यंत कोण थांबतंय. पत्र दूधगाडीवाल्याकडं देतोय. कढई खांद्यावर घेतलीय. निघालो, दार लावतोय.