घाट उतरण्याआधीचा प्रश्न

प्रिय उस्ताद,

सकाळचे साडेसात वाजलेत. घाटाच्या पलीकडच्या शाळेच्या पडवीत आपला ग्रुप पोहे खातोय आणि मी पाण्याच्या टाकीमागे बसून, रूट लिहायच्या वहीत, तुम्हाला पत्र लिहितेय. तुम्ही गेल्याला चार महिने झाले. तुमच्याशिवायची ही पहिलीच राइड. पण आठवण आली म्हणून लिहायला बसले असं समजू नका. मला भीती वाटतेय. अर्ध्या तासात आम्ही माळशेजच्या माथ्यावर पोचू, तिथून मला प्रणालीची सायकल घेऊन खाली उतरायचंय, आणि त्या सायकलीचा पुढचा ब्रेक धरत नाहीये.

प्रणाली आठवतेय ना? दिव्याहून शहाडला आपल्या सायकलच्या दुकानात यायची, आयटीआय झालेली. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "पाना कुठल्या हातात धरतेस?" तर म्हणाली, "ज्या हातात बसेल त्या." तुम्ही खोकला येईपर्यंत हसला होतात. ती अजून तशीच आहे, तुमच्या शेवटच्या महिन्यात आली नि टिकली.

आता ग्रुपची म्होरकी मी, पण तुमचा रिवाज मोडलेला नाही. शिकणाऱ्याने एक सायकल पहिल्या नटापासून स्वतः जोडायची. शहाडहून निघताना सगळे पाने म्होरक्याच्या पिशवीत जमा, म्हणजे वाटेत हात लावायला वाव नाही. इथवर ती सायकल त्यानेच चालवायची. दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या टपरीत चहा घेता घेता म्होरक्याने फक्त एवढंच विचारायचं, "काही सांगायचंय?" मग त्याच सायकलीवर बसून म्होरक्याने घाट उतरायचा. खाली धड पोचला तरच दुकानाची चिठ्ठी, नाहीतर आणखी सहा महिने. खोपटहून येणारी ती महागड्या सायकलींवरची मंडळी तुम्हाला चिडवायची, "काका, विमा उतरवलाय ना?"

आज सगळे तोंड धूत होते तेव्हा मी प्रणालीच्या सायकलीजवळ गेले. ब्रेकची मूठ हळू दाबली, तर ठीक. जोरात दाबली आणि वायर बोल्टातून सरकली. बोल्ट नुसता हाताने फिरवलेला आहे, आवळलेलाच नाही!

परवा सोमवारी अंबरनाथच्या एका कंपनीत तिची मुलाखत आहे. वर्षभराची अप्रेंटिसशिप, त्यांच्या मशीनवर शिकायला मिळणार. त्यांना वर्कशॉपच्या अनुभवाची चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी देणारी मी. रिवाजाने गेले तर तिचे सहा महिने गेले आणि ती जागाही गेली. पाचची ॲलन की, त्या बोल्टाची चावी, आत्ता माझ्या मुठीत आहे. दोन वळसे दिले की झालं. कुणाला कळणारसुद्धा नाही. देऊ?

तुम्हाला एक गोष्ट कधीच सांगितली नाही, ती आधी सांगते.

अकरा वर्षांपूर्वी माझीही हीच परीक्षा होती. हाच घाट, हाच बोल्ट. तुम्हाला वाटलं असेल, वैशालीच्या लक्षात आलं नसेल. आलं होतं, उस्ताद! घाट चढताना सातव्या-आठव्या वळणावर मला लख्ख आठवलं, की तो बोल्ट मी हाताने लावला आणि ॲलन की आणायला आत गेले ती गेलेच. मग टपरीत तुम्ही विचारलंत, "काही सांगायचंय?" आणि मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? ग्रुपमध्ये मी एकटी मुलगी. आदल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं होतं, "पोरगी पाना धरणार, मग आपण काय लाटणं धरायचं?" सगळे हसले होते. त्यांच्यासमोर चूक कबूल करायची माझी छाती झाली नाही. माणूस मेला तरी चालेल पण हसू होऊ नये, असं माझ्या त्या वयाच्या डोक्याला वाटलं. मी तुमच्या सायकलीवर बसून खाली आले आणि पंचवीस मिनिटं त्या रस्त्याकडे बघत राहिले. वरून येणारा प्रत्येक ट्रक तुमची बातमी घेऊन येतोय असं वाटत होतं. तुम्ही आलात, सगळ्यांच्या शेवटी, पाय घासत. म्हणालात, "बोल्ट आवळ. सहा महिने आणखी शीक." एवढंच.

मी सहा महिने तुमच्यावर धुमसत होते. एका बोल्टासाठी एवढी शिक्षा!

तुमच्या तेराव्यानंतर काकी आणि मी तुमची हत्यारांची पेटी आवरत होतो. काकी सहज बोलून गेल्या, "तुजा बोल्ट ढिला हाय ते यांना वरच कळलेलं गो. घरी आले नि जेवलेच नाहीत. म्हणाले, पोरीला सगळं येतं, फक्त तोंड उघडता येत नाही."

मी पेटीतला पाना हातात धरून तशीच बसले. तुम्हाला माहीत होतं! माहीत असून तुम्ही मागच्या एका ब्रेकवर तो घाट उतरलात! कशासाठी? मी बोलावं म्हणून? आणि एखाद्या वळणावर समोरून एसटी आली असती तर? मी जन्मभर काय घेऊन जगले असते, याचा विचार केलात का? तुम्ही धीराचे होतात हे सगळं गाव सांगतं. पण त्या दिवशी तुम्ही हट्टी होतात. आणि मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुम्ही एकदाच का विचारलंत, उस्ताद? घाबरलेल्या पोरीला एकदा विचारून काय होतं?

प्रणाली हाक मारतेय. "ताई, चहा वर घ्यायचा ना? सगळे निघाले!" ॲलन की अजून मुठीत आहे, घामाने ओली झालीय. जाते.

*

घाटाखालचं टोकावडे. दुपार झालीय. वही मांडीवर धरून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर रागावू नका.

मी बोल्ट आवळला नाही. टपरीत सगळे बसले, चहा आला. प्रणालीने ग्लास दोन्ही हातांत धरला होता, पीत मात्र नव्हती. मी विचारलं, "काही सांगायचंय?"

ती ग्लासात बघत म्हणाली, "नाही ताई."

मला तो आवाज ओळखीचा होता. माझाच होता तो. आता रिवाजाने मी उठायचं, सायकल घ्यायची. डोंबिवलीचे सावंत काका हेल्मेट घालायलाही लागले होते. मी उठले आणि परत बसले.

"प्रणाली," मी म्हटलं, "अकरा वर्षांपूर्वी याच बाकावर उस्तादांनी मला हेच विचारलेलं. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं."

आणि मी सगळं सांगितलं, तेरा माणसांसमोर. लाटण्याचंसुद्धा. सावंत काकांची मान खाली गेली. तेव्हा हसणाऱ्यांत तेही होते. चहा गार झाला. टपरीवाला स्टोव्हला हवा मारायचा थांबला. मग मी परत विचारलं, "आता सांग. काही सांगायचंय?"

तिने ग्लास बाकावर ठेवला. मी मनातल्या मनात तुमचं नाव घेत होते. अजूनही नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

"ताई, पुढचा ब्रेक..." तिने सायकलीकडे बोट दाखवलं. "शहाडला मी बोल्ट हातानेच फिरवलेला. तेवढ्यात आईचा फोन आला, नळाला पाणी आलंय, लवकर ये. मी पळाले. काल चढताना आठवलं. पण सोमवारचं सगळं गेलं असतं ना! तुम्ही उतरणार होता त्याच्यावर, ते कळत होतं मला. रात्रभर झोपले नाही. सॉरी ताई."

मी तिच्या हातात की ठेवली. "आवळ."

तिने वायर ओढून बोल्ट आवळला. मूठ तीनदा दाबून बघितली, मग मला दाबायला लावली. मी बसले आणि निघाले. खोटं कशाला बोलू, पहिल्या वळणावर मी पाय टेकवायच्या तयारीत होते. ब्रेक दाबला. धरला! खाली पोचेपर्यंत मी त्या पोरीच्या हाताला शाबासकी देत होते, मोठ्याने, वेड्यासारखी.

सावंत काका खाली म्हणाले, "उस्तादांनी सहा महिने दिले असते."

"दिले असते," मी म्हटलं. "मी चिठ्ठी देणार."

चिठ्ठी आत्ताच लिहिली, याच वहीच्या पानावर. दुकानात जाऊन शिक्का मारेन. तिला काय काय येतं ते सगळं लिहिलंय आणि शेवटी हेही लिहिलंय, की हिचा एक बोल्ट राहिला होता आणि तो हिने स्वतः सांगितला. सावंत काका म्हणतात, ते शेवटचं वाक्य काढ, कंपनीवाले घेणार नाहीत. मी प्रणालीला विचारलं. ती म्हणाली, "राहू दे ताई." सोमवारी काय होईल, देव जाणे. नाही झालं तर तिची जागा आपल्या दुकानात आहेच.

तुमचा रिवाज मी चालवीन, उस्ताद. पण वचन देते, घाटमाथ्यावरचा तो प्रश्न यापुढे मी दोनदा विचारीन. एकदा तुमच्यासाठी आणि एकदा त्या बाकावर बसलेल्या माझ्यासाठी.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलंय. उशीर झाला, पण ऐका. हो, सांगायचंय. माझा बोल्ट ढिला आहे. ती सायकल घेऊ नका.

तुमची,
वैशाली