मागचे चार बोल्ट

कोयनानगर
ता. ६ ऑक्टोबर १९६१

प्रिय पुंजाजीदादा,

जय भीम. सकाळीच तुले तार केली, गाडी काढू नको म्हणून. तू हसला असशील. श्रावण्याचं डोकं तिकडच्या पावसानं कुजलं म्हणला असशील. म्हणून हे पत्र, पूर्ण वाच. दसऱ्याले दीक्षाभूमीवर जायले उत्तमरावानं त्याचा ट्रक दिला, चालवणार तू, आन् मागं वस्तीतली चाळीस माणसं, त्यात माय, ललितावहिनी, दोन्ही पोरं, हे तू मोठ्या हौसेनं लिहिलं. खाली आणखी लिहिलं की माझ्या भावानं उंच केलेली गाडी आहे, मले कायचं भेव. ते वाचल्यापासून मी जळून राहिलो. तुले कोणं सांगितलं भरवसा ठेवायले? सात वर्षं स्टेअरिंग धरलं, एकदा तरी गाडीखाली वाकून पाह्यलं काय? पायजमा मळते ना तुझा.

उत्तमरावाचा तर मले पहिल्यापासून राग. नांदगाव खंडेश्वरकडच्या पांदणीत त्याची कापसाची गाडी पोटावर बसे, म्हणून त्याले ती उंच पाह्यजे होती, तीही कापूस फुटायच्या आत. मी मिस्त्रीच्या हाताखाली होतो त्या गॅरेजात रोज येऊन उभा राहे. काहून बे, गाडीचं बाळंतपण करून राहिले काय, म्हणे. उंच करणं काही कठीण नाही दादा. स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले, पाट्याखाली एक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर, चार बोटं लोखंडी ठोकळा टाकला की झालं. पण पाटे, ठोकळा, एक्सल हे सगळं एकजागी बांधून ठेवतात ते यू बोल्ट, घोड्याच्या नालासारखे वाकलेले, मागच्या दोन्ही बाजूंचे मिळून चार. गाडी उंच झाली की जुने आखूड पडतात. नट अर्ध्या आट्यातच राहते. तिथं नवेच लागतात, लांब आन् कडक पोलादाचे. फाटकाले लावायचे मऊ बोल्ट तिथं चालत नाहीत. मागचा एक बोल्ट जरी तुटला तरी एक्सल सरकते, गाडी तिरपी पळते, आन् तू पुढं कितीही स्टेअरिंग फिरव. नागपूरच्या वाटेवरल्या तळेगावच्या उतारावर चाळीस माणसं घेऊन तू काय करशील ते मले सांग.

इथं धरणावर एकदा काढलेला यू बोल्ट परत बसवत नाहीत, भंगारात टाकतात. पहिल्याच हप्त्यात मी एक चांगला दिसणारा जुना उचलला, तर आमच्या सरदारजी फोरमननं तो हिसकून नव्याजवळ धरला. जुना अर्धं सूत लांब झालेला, ताण खाऊन खाऊन. ये मर चुका है, बस गिरा नहीं, म्हणे. बाकीची पोरं हसली. मले त्या दिवशी भाकर गेली नाही. तवाच तुले लिहायले पाह्यजे होतं. पण तो ट्रक तुझ्या हाती नव्हता, दुसराच कोणी चालवत होता, म्हणून मी गप बसलो. याचाही राग येते आता, कोणाचा म्हणून विचारू नको.

मिस्त्रीले बोल लावू नको. पुतणीच्या लग्नाले मूर्तिजापूरले जाताना त्यायनं नागपूरच्या दुकानाले लांब बोल्टांसाठी चिठ्ठी लिहून माझ्या हाती दिली. पंधरा दिवस लागतील, तोवर गाडी लाकडी ठोकळ्यांवरच उभी राहू दे, म्हणले. पण माझ्या खिशात इथल्या नोकरीचा कागद होता, सोमवारी हजर व्हायचं होतं. काम अर्धं टाकून गेलो असतो तर तूच चावडीवर म्हणला असता, याचं बूड कुठंच टेकत नाही. मी ती चिठ्ठी टपालात टाकलीच नाही. जुनेच बोल्ट मोर्णा नदीकाठच्या लोहाराकडं नेले, लाल करून, ठोकून बोटभर लांब केले, नवे आटे पाडले, वरून काळा रंग मारला. लाल केलं की पोलादाचं पाणी उतरते, ते मऊ पडते, हे मले तवाही माहीत होतं. मिस्त्री लग्नाहून आल्यावर त्यायले सांगितलं, एका ड्रायव्हरसोबत नागपूरहून नवे आणवले. त्यायनं माझी पाठ थोपटली. तेच चार बोल्ट आजही तुझ्या गाडीखाली आहेत. वरचा रंग खरवडून पाह्य, मधी बारीक झालेले दिसतील.

हे पत्र मिस्त्रीले दाखव, उत्तमरावालेही. नवे बोल्ट मिस्त्रीच निवडतील, नटाबाहेर तीन आटे उरले पाह्यजेत. मिस्त्री मले ज्या शिव्या देतील त्या सगळ्या लिहून पाठव, मायपुढं वाचता येणार नाहीत त्याही. पण त्या ऐकत बसायच्या आधी गाडी जॅकवर चढव. आन् मायले आगगाडीनं ने.

तुझाच,
श्रावण