उलटा बसवलेला कंडेन्सर

अण्णा, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकतेय. वयाच्या साठाव्या वर्षी, निवृत्त झाल्यावर. प्रभादेवीच्या एका शाळेत रविवारी सकाळी क्लास असतो. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची आहे. पहिल्याच दिवशी माझा एलईडी पेटेना, तेव्हा ती म्हणाली, "काकू, पाय बघा ना. लांब पाय प्लसला. आणि रेझिस्टरशिवाय डायरेक्ट बॅटरीला नका लावू, उडेल तो." मी एलईडी फिरवून लावला. यातलं थोडंफार मला येत होतं, पण ते सांगायचं जिवावर आलं. कोणी शिकवलं, हेही मग सांगावं लागलं असतं.

ठाकूरद्वारच्या खोलीत ओट्याचा एक कोपरा तुमचा होता. ऑफिसातून आलात की चहा घेऊन तुम्ही तिथे सोल्डरिंगला बसता, आई कुरकुरत कणकेची परात पलीकडे सरकवते, आणि मी शेजारी स्टुलावर. "तोंड बाजूला कर, धूर जाईल नाकात. घाई नको. टाका चकाकला पाहिजे." वाडीच्या गणपतीची पळती रोषणाई दरवर्षी तुम्हीच बनवायचात. नवी जोडणी तुम्ही कधी थेट प्लगला लावली नाहीत. आधी मध्ये शंभरचा बल्ब घालायचा. तो लख्ख पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. तो तुमचा नेमच होता, आणि त्यावरून वाडीतले लोक तुमची थट्टाही करायचे.

मी आठवीत होते त्या वर्षी तुम्हाला ऑफिसात उशीर झाला. मोठा कंडेन्सर तेवढा बसवायचा राहिला होता. तो मी तुम्ही यायच्या आधीच बसवून ठेवला. तुम्ही धावतपळत आलात तेव्हा आरतीला माणसं जमली होती. बल्बाकडे हात नेलात आणि माझ्याकडे बघितलंत. "तू केलंयस ना? मग राहू दे." आयुष्यात एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. पहिली आरती संपायच्या आत फट् आवाज झाला, घाण वास सुटला आणि फ्यूज जाऊन अख्खा मंडप काळोखात गेला. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "काय हो, नेमका आरतीलाच?" तुम्ही म्हणालात, "चूक माझी. घाईत जोडलं." घरी रोषणाईचा डबा उघडून आत बघितलंत, परत बंद केलात आणि मला म्हणालात, "हात धू, जेवायला बस." पुढच्या वर्षी रोषणाई कंत्राटदाराकडे गेली. तुमची इस्त्री, सोल्डरिंगची, माळ्यावर गेली ती कायमची. मी मात्र इतकी वर्षं स्वतःला समजावत आले की लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याशा दुकानदाराने जुना माल तुमच्या गळ्यात मारला.

यंदा पावसाळ्यात त्या मुलीने प्लास्टिकच्या खोक्याखाली एक कपॅसिटर मुद्दाम उलटा लावून दाखवला. तुमचा कंडेन्सर, आता त्याला असं म्हणतात. "पट्ट्याची बाजू मायनस. उलटा लावला की बघा काय होतं." फट् झालं. तोच वास. आणि मला माझी बोटं आठवली. छापलेली अक्षरं समोर यावीत, तुम्हाला नीटनेटकं दिसावं, म्हणून मी तो फिरवून बसवला होता. पट्टा मागे गेला, प्लसकडे. डबा उघडलात तेव्हा तुम्हाला ते दिसलं असणारच. दिसलं, तरी तुम्ही मला बोलला नाहीत. तुम्ही ओरडायला हवं होतं, अण्णा. मला त्याचा अजून राग येतो.

यंदा गणपतीत मी वाडीत गेले ती एकच वाक्य सांगायला: तो कंडेन्सर मी उलटा बसवला होता. सेक्रेटरी आता नव्वदीचे आहेत, मंडपात खुर्चीवर बसून असतात. मला बघून त्यांना आनंदच झाला. जवळच्या नव्या भाडेकरूंना म्हणाले, "अरे, ही कोण माहितीय? हिच्या वडिलांनी आरतीला सगळी वाडी काळोखात घातली होती. मोठे इंजिनीयर समजायचे स्वतःला." बोलण्यात विखार नव्हता. सगळे हसले, माझ्याकडे बघत थांबले. वाक्य जिभेवर होतं.

मीही हसले, अण्णा.