छावणीत फक्त दादा हसत होता

औरंगाबाद
बुधवार, ६ मे १९९२

ती. वच्छला वहिनींना,
पंडितचा नमस्कार. माझी तब्येत बरी आहे, इकडेही पाणी चार दिवसांआड येतं. टपालाला वेळ लागेल म्हणून पत्र शेजारच्या तात्याबाच्या हाती देतोय, तो उद्या गावी पोचेल. हे तुम्ही एकट्यानं वाचा. धर्मराजला दाखवू नका.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. गावात पुन्हा चारा छावणी सुरू झाली, दूध संस्थेनं ती धर्मराजवर सोपवली, आणि रविवारी दादाच्या पाचव्या वर्षश्राद्धाला संस्थेत त्याचा फोटो लागणार, हे सगळं कळलं. चेअरमन बबनरावांचंही पत्र आलं. मी चार शब्द बोलावेत असं ते म्हणतात. काय बोलावं ते दोन दिवस सुचलं नाही. तुमचं पत्रच पुन्हा पुन्हा काढून वाचतोय.

तुम्ही लिहिलंय, "पोरगं बापावर गेलंय. नऊ दिवस झाले डोळ्याला डोळा न्हाई, तरी दमत न्हाई. समदं गाव नाव घेतंय." आणि खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, "बापाची अर्धी विहीर पुरी करतो म्हणतोय."

वहिनी, सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी समुपदेशनाचा अभ्यास करत होतो. सरांनी दहा माणसांची माहिती घेऊन यायला सांगितलं होतं. मी आपली छावणी निवडली, कारण तिथं माणसं एका जागी सापडणार होती. माझ्या कागदावरचे सगळे प्रश्न दुःखाचे होते. रडू येतं का, जेवण जातं का, जगण्यात रस वाटतो का. मी गोठ्यागोठ्यात जाऊन विचारत होतो आणि माणसं हो म्हणत होती.

दादा एकटा हसत होता. आठवतं तुम्हाला? कडब्याच्या गंजीवर उभा राहून सगळ्यांसमोर ओरडला, "कावून बे पंडित्या, समद्यांला येडं ठरीवलंस, आन् सख्ख्या भावाला सोडलंस व्हय? लिव की माझं नाव!"

बबनराव म्हणाले, "बंकटराव, तुमचं नाव लिवलं तर आमची जनावरं कोण बघंल?"

सगळे हसले. मीही हसलो.

आता जे लिहितोय ते पाच वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मी त्याचं नाव लिहिलं होतं. आदल्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं की एका आजारात माणूस दुःखी दिसत नाही, उलट फार सुखी दिसतो. झोप दोन तासांवर येते तरी थकवा नाही. बोलणं थांबत नाही. मोठमोठे बेत चालतात. जवळचं वाटून टाकतो. कुणी अडवलं की भडकतो. दादा आधी दूध संस्थेची इमारत बांधणार होता, मग गावाचा स्वतःचा साखर कारखाना, मग धारूरच्या डोंगरातून कालवा. स्वतःचं घड्याळ त्यानं टँकरवाल्याला दिलं. तुमची दोन लुगडी देऊन टाकली. छावणीतला गडी सटवा नुसतं "जरा पडा की" म्हणाला, तर त्याच्यावर टोपलं फेकलं. मी एकेक लिहीत गेलो. पाचही गोष्टी जुळल्या. मग मी ते पान खोडलं.

माझं शिक्षण दादानं केलं होतं. पहिल्यांदा शिकून आलो आणि भावालाच वेडा म्हणालो, असं गाव म्हणेल ही लाज होती. शिवाय दुष्काळात जो झोपत नाही त्याला आपल्याकडे मोठा माणूस म्हणतात. मलाही तेच म्हणायचं होतं.

तुम्ही मात्र पाण्याच्या हौदापाशी मला गाठलंत. म्हणालात, "भाऊजी, माणूस इतकं जागून दमतो तरी. ह्ये दमत न्हाईत. मला लई भ्या वाटतंय. तुमच्या पुस्तकात काय लिवलंय का ह्याला?"

मी म्हणालो, "वहिनी, लोकांसाठी राबणाऱ्याला आजारी म्हणत नाहीत."

तुम्ही मान खाली घातलीत आणि "चुकलं माझं" म्हणालात. चूक तुमची नव्हती. छावणीतल्या त्या सगळ्या माणसांत बरोबर ओळखणाऱ्या तुम्ही एकट्या होता, आणि मी शिकलेला असून तुम्हाला गप्प केलं.

जागरणाच्या बाराव्या दिवशी तो एकटाच त्या अर्ध्या खणलेल्या विहिरीत उतरला. आठ हातांवर पाणी आहे, मला आवाज येतो, असं म्हणत होता. दरड सैल झालीय हे लोकांनी सांगितलं होतं. तीच त्याच्यावर कोसळली. गावानं त्याला गावासाठी मेलेला म्हटलं, मी तेच ऐकून घेतलं. तुम्हालाही त्यानं आधार वाटला असेल. तो मी आज काढून घेतोय.

आणखी एक. मी आता नव्या मुलांना शिकवतो. दर वर्षी दादाची हकिगत सांगतो, नाव बदलून. ऐंशी-नव्वद मुलांना माहीत आहे. तुम्हाला नव्हतं.

दादानं गावासाठी केलं ते खोटं नव्हतं, त्याचं मन चांगलंच होतं. पण तो आजारी होता. हा आजार रक्तातून पुढे जाऊ शकतो. धर्मराजला तो आहेच असं मी न पाहता म्हणणार नाही. पण तो आज झोपला का, हे मला रविवारच्या फोटोपेक्षा मोठं वाटतं. ह्याला गोळ्या आहेत, रक्त तपासून डॉक्टर देतात, आणि त्या घेऊन माणसं संसार करतात, नोकऱ्या करतात. मी रोज बघतो.

त्याला विहिरीकडे एकटं सोडू नका. दोर आणि शिडी बबनरावांच्या घरी ठेवा. त्याच्याशी वाद घालू नका, आजारी म्हणू नका. काकाला शहरात छावणीच्या कामासाठी माणूस पाहिजे, असं सांगा. खोटं आहे, त्याचं पाप मला.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीनं केजला येतोय. स्टँडवरच थांबेन. घरी येऊ की नको ते तुम्ही ठरवा. माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर तसं करा, पण धर्मराजला बबनरावांबरोबर स्टँडपर्यंत पाठवा.

ज्याला तुम्ही विचारलं होतं,
तो तुमचा दीर
पंडित