घरामागचे तळे मीच खणले, याबाबत

प्रति,
मा. जलस्रोत नोंदणी अधिकारी,
जलस्रोत नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या घरामागील तळे 'नैसर्गिक व पुरातन' या नोंदीतून वगळून माझ्यावर कारवाई करण्याबाबत.
संदर्भ : माझा पहिला अर्ज फेटाळल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. सदर तळे निसर्गाने केलेले नाही. ते मी दोन वर्षांपूर्वी, परवानगी न घेता, एकोणीस रविवार खपून खणले. ते खणलेले वाटू नये असा माझा हट्ट होता. म्हणून एक काठ उतरता ठेवला, तळाच्या प्लास्टिकच्या कागदाची कड मातीत गाडून वर गवत लावले आणि दगड नीट न मांडता पाठ फिरवून टाकले.

२. काठाची आखणी मात्र माझी नाही. मी आखलेला काठ आंघोळीच्या टबासारखा दिसत होता. शेजारचे शिंपीकाका कुंपणावरून म्हणाले, "अरे, गळा कापतात तसा वळव. सरळ रेघ कुणाच्या अंगावर बसत नाही." मग स्वतः येऊन त्यांनी एका दमात चुन्याची रेघ ओढली. तळे खरे दिसते ते त्या रेघेमुळे.

३. आपले पाहणी अधिकारी आले तेव्हा काठावर बेडूक बसला होता. त्यांनी हरखून विचारले, "किती जुनं हे?" दंडाच्या भीतीने माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, "आजोबांच्याही आधीचं असेल." शिंपीकाका शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण चकार शब्द काढला नाही.

४. चारच महिन्यांनी काकांनी अंगणात एक खोली बांधण्याची परवानगी मागितली. काकूंचे गुडघे कामातून गेले आहेत. राहणे वरच्या मजल्यावर, खाली दुकान, आणि तेही एवढेसे की मशीन व गिऱ्हाईक एका वेळी मावत नाहीत. पुरातन तळ्यापासून पन्नास फुटांच्या आत बांधकाम नको, म्हणून परवानगी नाकारली गेली. ते पुरातन तळे माझे.

५. त्यानंतरही मी तीन महिने गप्प होतो. दुकानासमोरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीने ये-जा करीत होतो. याची मला लाज वाटते. शेवटी अर्ज केला, तर आपण कळवलेत की, असा काठ मानवी हाताने आखणे शक्य नाही, सबब अर्जदाराने शेजाऱ्याच्या दबावाखाली खोटा दावा केलेला दिसतो. महोदय, खोटे मी बोललो आणि डाग त्यांना लागला. दबाव तर सोडाच, साक्षीला या म्हणून मी हात जोडले तेव्हा ते म्हणाले, "राहू दे रे. तू कशाला अडचणीत येतोस?"

६. तरी विनंती की, आपण स्वतः यावे, हवा तेथे तळाचा प्लास्टिकचा कागद फाडून पाहावा, होईल तो दंड मला करावा आणि काकांना खोली बांधू द्यावी.

७. साक्षीदार एकच आहे. काल काकूंनी वरच्या खिडकीतून मला हाक मारली. म्हणाल्या, "बरं केलंस हो तळं खणलंस. दिवसभर इथं बसून दुसरं बघायला काय आहे मला?" मला मान वर करता आली नाही. त्यांची साक्ष घेताना आपणांस खिडकीखाली उभे राहावे लागेल. त्या अकरा महिन्यांत खाली उतरलेल्या नाहीत.

आपला नम्र व सर्वस्वी दोषी अर्जदार,
(सही)
तळ्याचा मालक
दिनांक : आज, सोमवार

सोबत : १) प्लास्टिकच्या कागदाची पावती. २) अर्धवट खणलेल्या खड्ड्याचा फोटो, त्यात चुन्याची रेघ स्पष्ट दिसते.