रंगाऱ्याचं नाक

१४ मार्च, शनिवार, दुपार

चि. टिटवीस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी गुडघ्याच्या. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मधेच बंद करता येत नाही, एवढा त्याचा फायदा.

आधी त्या परीक्षकाबद्दल. गळ्यात ओळखपत्र असं लटकवलेलं, जणू हरवला तर कुणी घरी आणून सोडावा. भरल्या सभागृहात तुला विचारतो, "तुमच्या वहीत एकही चूक कशी नाही? कच्ची वही कुठे आहे?" चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं मी. चुका नाहीत म्हणून पोरीला उभं करणारा हा पहिलाच पाहिला. मी तिसऱ्या रांगेतून बघत होते. संताप संताप झाला.

आणि तुमचं कॉलेज! विद्यार्थ्यांना जुन्या कारागिरांकडे तीन महिने पाठवायचं, त्यांच्या कामातलं विज्ञान शोधा म्हणायचं, मदतीला आमच्यासारखे निवृत्त मार्गदर्शक द्यायचे, आणि शेवटी शोधायचं काय, तर खाडाखोड! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर एका खोडलेल्या शब्दासाठी अख्खं पान फाडायला लावत. पक्की वही म्हणजे पक्की. मला तेच वळण लागलं, आणि तेच मी तुला लावलं.

तुझा रंगारीही कमी नाही. तू तीन महिने त्याच्या निळीच्या टाक्यांवर वाकलीस, कोपरापर्यंत हात निळे करून घेतलेस. तो टाकीचा नुसता वास घेऊन म्हणायचा, "भुकेली आहे, चुना घाला," किंवा "तयार आहे, कापड सोडा." मग तू रंग बदलणारा चाचणीचा कागद बुडवून त्यातली क्षारता मोजायचीस आणि त्याचं नाक खरं की खोटं ते लिहायचीस. किती सुंदर विषय! आणि त्या दिवशी हा गृहस्थ भिंतीला टेकून गप्प. बाहेर पडताना मात्र मला गाठून म्हणाला, "बाई, पोरीनं साठ वेळा लिहून घेतलं होतं. तक्त्यात त्रेपन्नच कसे?"

मी म्हटलं, "तुम्ही रंगाचं बघा." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

टिटवे, तू परीक्षकाला सांगितलंस, "कच्ची वही मी फाडली." किती सरळ मानेने सांगितलंस. वही फाडलेली नाही. ती माझ्या कपाटात होती, आणि हे तुलाही ठाऊक होतं.

नाकाशी कागद न जुळलेल्या त्या सात नोंदी गाळायला मी सांगितलं. तू म्हणालीस, "मावशी, पण नाक चुकलं असेल तर तेही लिहायला हवं ना?" मी म्हटलं, "नाक नाही, तुझा हात चुकलाय. दमली होतीस. पुन्हा सुवाच्य अक्षरात लिही." तू दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा मी आवाज चढवला.

गुरुवारी ती वही उघडली. न जुळलेल्या सातही नोंदी शेवटच्या आठवड्यातल्या. त्या आठवड्यात तुझे कागद संपले आणि मी ऐटीत माझ्या कपाटातली तसल्याच कागदांची पेटी काढून दिली, शाळेतून आणून जपून ठेवलेली. काल नवे कागद आणले. एका वाटीत धुण्याचा सोडा कालवला आणि त्यात एक नवा कागद बुडवला, एक माझा. वाटी एकच, रंग दोन. तेव्हा कुठे पेटीच्या तळाची तारीख वाचली. माझ्या निवृत्तीच्या सहा वर्षं आधीच तिची मुदत संपली होती.

तुझा हात चुकला नव्हता, त्याचं नाकही नाही. साठपैकी साठ वेळा तो माणूस बरोबर होता. आणि मी त्याचं सात वेळचं खरं पुसायला लावलं, तेही तुझ्या हातून.

कालच दुपारी पेटी घेऊन रंगाऱ्याकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने पेटी नाकाला लावली. "बाई, याला तर माझ्या आजोबांचा वास येतोय." मी हसले, आणि मग तिथल्याच पिंपावर बसून बराच वेळ रडले. त्याने तुझं स्टूल पुढे सरकवलं. म्हणाला, "पिंपावर नका बसू, डाग पडेल." डाग पडलाच होता.

मंगळवारी समिती प्रकल्पाच्या यादीत तुझं नाव ठेवायचं की काढायचं ते ठरवणार. नाव गेलं तर संग्रहालयातलं जुन्या कापडांचं पुढचं काम जाईल, ज्यासाठी तू वर्षभर थांबलीस. आज सकाळी कच्ची वही, पेटी आणि माझं निवेदन मी स्वतः कार्यालयात दिलं. शिक्का मारलेली प्रत सोबत आहे. त्यात 'अनवधानाने' हा शब्द लिहिला होता, तो खोडला. हो, खोडला. पान पुन्हा लिहिलं नाही. मंगळवारी मी समितीपुढे जाणार आहे. तू ये असं म्हणत नाही. तुझी आई म्हणेल, "ताई, तू नको मधे पडूस." तिला सांग, मी मधे नाही, मुळाशीच आहे.

फोन उचलू नकोस हवं तर. एवढंच लक्षात ठेव, तू सगळ्यांसमोर खोटं बोललीस ते मला वाचवायला, आणि माझा गुडघा त्या दिवशी अजिबात दुखत नव्हता.

तिसऱ्या रांगेत बसून राहिलेली,
तुझी मावशी