खटक्यावरची कानस

प्रिय प्रसेनजित,

सातवी नापास माणसाचं पत्र आहे, अक्षर सांभाळून घे. मी सध्या फरीदाबादले आहो. नेमबाजीच्या हवेच्या पिस्तुलांचं दुरुस्तीचं दुकान आहे, पिस्तुलाच्या कंपनीचं काम इथंच येते, तिथं पार्सल फोडतो, पुर्जे धुतो. दोन वर्षांत हे चौथं काम. कुठंच बूड टेकत नाही माझं, तुले माहीत आहे.

तुले आलं तसं पत्र कंपनीनं साऱ्यांनाच धाडलं. या नंबरांची पिस्तुलं धक्क्यानं आपोआप सुटू शकतात, वापरू नका, परत पाठवा, फुकट दुरुस्त करू. ते समजलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो. म्हटलं चला, तुझ्या बहिणीचा, स्नेहाचा डोळा कंपनीनं घेतला.

मंगळवारी तुझं पार्सल माझ्याच टेबलावर आलं. पत्त्यात तुझं गाव, किन्हीराजा वाचलं अन् हात थांबले. लाकडी मूठ मीच तासलेली, शेलूबाजारच्या गॅरेजात, तुझ्या पंजाच्या मापानं. सोबतच्या फॉर्मात तू तेवढंच लिहिलं, 'मूठ मित्राने तासली, बाकी फेरफार नाही.' मित्र लिहिलं तू. अजूनही.

फेरफार केलेलं पिस्तूल कंपनी दुरुस्त करत नाही, तसंच परत धाडते. तरी आमच्या मिस्तरीनं, अमरसिंगनं, खोलून पाहिलं. ट्रिगर दाबेपर्यंत पिस्तूल अडवून धरणारा आतला खटका कानशीनं घासलेला निघाला. त्यानं नवा बसवून रबरी हातोडीनं चाळीस ठोके दिले, सुटलं नाही. जुना बसवला, तिसऱ्याच ठोक्याले सुटलं. मले म्हणे, "कंपनी का दोष नहीं, किसी गधे ने घिसा है. पिस्तौल के मालिक ने झूठ लिखा, पर्ची बना दे."

तो गधा मी. तू फक्त मूठ तासायले दिली होती. मी न विचारता खटकाही घासला, ट्रिगर हलका व्हावा म्हणून. हुशारीची खाज, दुसरं काय! त्या हप्त्यात नेमबाजीत तुझे गुण वाढले. तू म्हणे, "राजू, हात बसला लेका माझा!" मी नुसता हसलो. मग पंधरा दिवसांनी भरलेलं पिस्तूल तू टेबलावर टेकवलं अन् ते सुटलं. छर्रा लोखंडी खांबावर आपटून उलटा आला, बाजूले उभ्या तुझ्या बहिणीच्या डोळ्यात. तू ओरडून ओरडून सांगत होता, बोट ट्रिगरच्या बाहेर होतं. तुझे बाबा, दौलतरावकाका म्हणे, "खोटं बोलू नको, बहिणीचा डोळा खाल्ला तुनं!" मी तिथंच उभा होतो, मुका. दुसऱ्या दिवशी सुरतची गाडी धरली.

आज अमरसिंगले सांगून टाकलं. आईवरून शिव्या दिल्या त्यानं, काम गेलं. 'मालकाने खोटं लिहिलं' ही पर्ची मात्र फाडली. पण कंपनीच्या कागदानं काकाचा तुझ्यावरचा राग जाईल का? दोन वर्षं तुझ्याशी बोलत नाहीत म्हणे. म्हणून हे लिहून राह्यलो. दौलतरावकाकाले समोर बसव अन् सारं वाचून दाखव. मले शिव्या देतील त्या देऊ दे. प्रसेनजित, तुझं बोट बाहेरच होतं. मी पाहिलं होतं.

'तुझाच' लिहायले हात धजत नाही.

राजू